भत्ता गोठवला म्हणून भाडी उतरतात का? बाय-टू-लेटवाल्या एका घरमालकाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लंडनच्या हद्दीबाहेर तुमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. त्यात एक आई दोन मुलांना घेऊन राहते, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सातचा. भाडं महिन्याला १,३५० पौंड. त्यातले १,१५० तिला युनिव्हर्सल क्रेडिटमधून (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी मदत) मिळतात, वरचे २०० ती स्वतःच्या पगारातून घालते. तुमच्या कर्जाचा फिक्स्ड दर संपत आलाय आणि नवा हप्ता बराच जास्त असणार. एजंट म्हणतो, ‘बेनिफिटवाली काढा, मी आयटीवाला आणून देतो.’ मित्राचं म्हणणं वेगळं: सरकारने घरभाड्याचा भत्ता गोठवला ते उत्तम झालं, सरकारी पैसा आटला की भाडी आपोआप खाली येतील.

आधी मित्राचं पाहू. हा समज आपल्या मंडळींत फार पसरलाय, आणि तो निदान तुमच्या गावापुरता चुकीचा आहे.

खाजगी भाडेकरूंसाठीचा हा भत्ता, लोकल हाउसिंग अलाउन्स, एप्रिल २००८ मध्ये देशभर लागू झाला; युनिव्हर्सल क्रेडिटमधले घराचे पैसेही त्याच्याच दराने ठरतात. भागातली भाडी स्वस्तापासून महागापर्यंत ओळीने मांडायची आणि बरोबर मधलं भाडं हा भत्त्याचा कमाल आकडा धरायचा, इतकी ती योजना सरळ होती. जून २०१० मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी तातडीचं बजेट मांडलं आणि एप्रिल २०११ पासून मधल्याऐवजी शंभरातलं तिसावं भाडं धरायला सुरुवात झाली. पाच बेडरूमचा दर रद्द झाला. देशभरासाठी आठवड्याच्या मर्यादा आल्या, एका बेडरूमला २५० पौंड, दोनला २९०, तीनला ३४०, चारला ४००. जानेवारी २०१२ पासून पस्तिशीच्या आतल्या एकट्या माणसाला फक्त शेअर घरातल्या एका खोलीपुरते पैसे मिळू लागले. आधी ही अट पंचविशीच्या आतल्यांना होती.

हे सगळे बदल गाजावाजा होऊन आले, पेपरात छापून आले. खरी कपात त्यानंतरची. २०१३ पासून भत्त्याचा प्रत्यक्ष भाड्यांशी संबंधच तुटला. एक वर्ष महागाई निर्देशांक, मग दोन वर्षं एक-एक टक्का, आणि एप्रिल २०१६ पासून चार वर्षं काहीच नाही. कोविड आल्यावर एप्रिल २०२० मध्ये दर पुन्हा तिसाव्या भाड्यावर आणला आणि लगेच पुढच्या वर्षी गोठवला. एप्रिल २०२४ मध्ये परत आणला, एप्रिल २०२५ पासून परत गोठवला. भाडी वाढत असताना भत्ता जागेवर ठेवणं म्हणजे दर महिन्याला थोडी थोडी कपात करणंच आहे. फक्त तिच्यावर कोणाला भाषण करावं लागत नाही, आणि अर्थमंत्र्यांना ती सोयीची का वाटते हे त्यावरून कळावं.

त्याचा परिणाम किती झाला? इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजने झूप्ला या घरांच्या साइटवरच्या भाड्याच्या जाहिराती तपासल्या होत्या. २०२० च्या सुरुवातीला शंभरातली २३ घरं भत्त्यात बसत होती, २०२३ च्या सुरुवातीला फक्त ५. आणि दर नव्याने ठरतो त्या दिवशीसुद्धा शंभरातली तीस घरं सापडतील असं समजू नका. दर ठरवणारे सरकारी रेंट ऑफिसर जी यादी धरतात ती आधीच ठरून गेलेल्या भाड्यांची असते, आज खिडकीत लागलेल्या जाहिरातींची नव्हे.

आता भाडी उतरण्याबद्दल. २०११ च्या कपातीनंतर सरकारनेच विद्यापीठांतल्या आणि बाहेरच्या अभ्यासकांना हा प्रश्न दिला होता: भत्त्यातले कमी झालेले पैसे नेमके कोणाच्या खिशातून गेले? २०१४ मध्ये उत्तर आलं. ८९ टक्के भार भाडेकरूंवर पडला, ११ टक्के घरमालकांवर. म्हणजे भत्ता १० पौंडांनी कमी झाला, तर भाडं जेमतेम १ पौंडाने उतरलं आणि उरलेले ९ भाडेकरूने किराण्यातून, हीटिंगमधून किंवा कोणाकडून उसने घेऊन भरले.

यात नवल काही नाही. तुमच्या फ्लॅटचं भाडं या बाईंना काय परवडतं यावर ठरत नाही. त्या गेल्या तर पुढचा माणूस किती द्यायला तयार आहे, यावर ठरतं. लंडनभोवतीच्या पट्ट्यात पगारदार लोकांचीच रांग लागलेली असते, त्यामुळे भत्ता कमी झाला म्हणून कोणी भाडं कमी करत नाही, भाडेकरू बदलतो.

मित्राची बाजू थोडी उचलून धरायची तर ब्लॅकपूल घ्या. तिथे समुद्रकाठची जुनी गेस्टहाउसेस फोडून छोट्या खोल्या केल्यात आणि बहुतेक भाडेकरू भत्त्यावरच आहेत. पगारदारांची रांग नाही. त्यात भत्त्याचा दर आसपासच्या महागड्या गावांसकट अख्ख्या फाइल्ड कोस्टसाठी एकच ठरतो, त्यामुळे शहराच्या मधल्या गल्ल्यांत मालकांना खोलीच्या लायकीपेक्षा जास्त मिळतं, अशी तिथल्या कौन्सिलची जुनी तक्रार आहे. अशा ठिकाणी दर घटवला तर मालकाला भाडं खरंच उतरवावं लागेल. पण ते गणित तुमच्या गावाला लागू होत नाही.

आता तुमच्या फ्लॅटकडे येते. तुम्ही ‘तिला दरमहा २०० कमी पडतात’ एवढ्यावर थांबलात. मी त्या बाईंचं स्टेटमेंट मागवून पाहिलं असतं. त्यांच्या ऑनलाइन खात्यात दर महिन्याला एक पान येतं, त्यावर सगळं ओळीने लिहिलेलं असतं. २०२५-२६ चे आकडे घेऊन मांडते. पंचविशीपुढच्या एकट्या व्यक्तीला स्टँडर्ड अलाउन्स, म्हणजे मूळ रक्कम, ४००.१४. मुलगी एप्रिल २०१७ च्या आधी जन्मलेली असेल तर तिचे ३३९, मुलाचे २९२.८१. घराचे १,१५०. शिवाय बाहेरून चाइल्ड बेनिफिट महिन्याला साधारण १८८. त्यांचा हातात येणारा पगार १,००० धरला तर पहिले ४११ सोडून उरलेल्याच्या ५५ टक्के, म्हणजे ३२४ पौंड, क्रेडिटमधून वळते होतात. सगळं मिळून घरात ३,०४५ च्या आसपास येतात. तुमचं भाडं गेल्यावर १,७०० उरतात, त्यातून कौन्सिल टॅक्स, वीज-गॅस, बस, शाळेचे कपडे, जेवण. ओढाताण आहे, पण दोनशेची फट त्या भरू शकतात. आजवर भरल्याही आहेत.

आता त्यांची नोकरी गेली असं धरा. बऱ्याच मालकांना इथे काय होतं ते माहीत नसतं. बेनिफिट कॅप नावाची एक वेगळी मर्यादा आहे: कमाई ठराविक आकड्याच्या खाली गेली की सगळी मदत मिळून एका छताच्या वर जाऊ शकत नाही. २०१३ मध्ये ते छत कुटुंबासाठी वर्षाला २६,००० होतं. २०१६ मध्ये लंडनबाहेर २०,००० आणि लंडनमध्ये २३,००० केलं. एप्रिल २०२३ मध्ये ते २२,०२० आणि २५,३२३ झालं, आणि तिथेच अडकलं. तुमचं गाव लंडनबाहेर, म्हणजे महिन्याला १,८३५. त्यातून तुमचे १,३५० गेले तर तीन जणांना महिनाभरासाठी ४८५ उरतात. त्यात भाडं थकणार नाही असं म्हणणाऱ्याने स्वतः एक महिना ४८५ मध्ये काढून दाखवावा.

कमाईची ती रेषा २०२५-२६ मध्ये महिन्याला हातात येणारे ८४६ पौंड होती, म्हणजे किमान वेतनाने आठवड्याला सोळा तास. आधीच्या वर्षभरात दर महिन्याला तेवढी कमाई असेल तर काम सुटल्यावर नऊ महिने कॅप लागत नाही. अपंगत्वाचे काही भत्ते किंवा केअरर म्हणून मदत मिळत असेल तर अजिबातच लागत नाही. तेव्हा भाडेकरू बेनिफिटवर आहे की नाही, या एजंटच्या आवडत्या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. त्यांचे तास सोळाच्या वर आहेत का आणि ते टिकणारे आहेत का, हे विचारा. त्यावरून तुमचा धोका कळतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र चांगली बातमी आहे. मुलगी नऊची म्हणालात. भत्ता ठरवताना तुमच्या फ्लॅटला किती खोल्या आहेत हे पाहत नाहीत, कुटुंबाला किती लागतात हे पाहतात. दहाच्या आतली दोन मुलं, मग ती भाऊ-बहीण असली तरी, एका खोलीत धरतात. एकाच लिंगाची दोन मुलं सोळापर्यंत एका खोलीत धरतात. मुलगी दहाची झाली की ती आणि भाऊ एका खोलीत धरता येत नाहीत, आणि कुटुंबाला तीन बेडरूमचा दर लागू होतो. घर बदलायची गरज नाही. प्रत्यक्ष भाडं आणि नवा दर यातलं जे कमी असेल ते मिळतं. तुमच्या भागात तीन बेडरूमचा दर १,३५० च्या वर असेल (दोन आणि तीन बेडरूमच्या दरांतलं अंतर पाहता तसं असण्याची शक्यता बरीच आहे), तर वाढदिवस ज्या हिशेबी महिन्यात येतो त्या महिन्यापासून त्यांची २०० ची फट बुजते. पोस्टकोड टाकून दर पाहण्याची सोय सरकारी साइटवर आहे, दोन मिनिटांचं काम आहे. वाढदिवसानंतरच्या स्टेटमेंटमध्ये आकडा बदलला की नाही ते त्यांना तपासायला सांगा, बदलला नसेल तर त्यांनी ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये लिहावं. अट एकच, कॅपच्या कचाट्यात त्या नसल्या पाहिजेत. कॅप लागलेल्या घराला वाढलेल्या दराचा एक पेनीही उपयोग होत नाही.

तुमच्या मनात आता काय आलं असेल ते मी ओळखते: तीन बेडरूमचा दर १,५०० असेल तर भाडंच १,५०० का करू नये? वर्षातून एकदा, दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन, बाजारभावापर्यंत भाडं वाढवता येतं. भाडेकरू ट्रायब्युनलमध्ये जाऊ शकतो, आणि तिथे तुम्ही मागितलेल्यापेक्षा जास्त भाडं लावत नाहीत. माझं मत विचाराल तर वाढ हप्त्याच्या गरजेपुरती करा आणि त्यांना थोडी मोकळी जागा ठेवा. मार्जिन शून्य असलेला भाडेकरू पहिला झटका बसला की थकतो, आणि थकबाकी वसूल करण्यात जे जातं ते वाढीव भाड्यात भरून निघत नाही.

पैसे कसे येतात याकडे मालक फार कमी लक्ष देतात. जुना हाउसिंग बेनिफिट अजून चालू आहे, पण मुख्यतः पेन्शनच्या वयाच्या लोकांसाठी. काम करण्याच्या वयातल्या सगळ्यांना आता युनिव्हर्सल क्रेडिट, आणि ते महिन्यातून एकदा, भाडेकरूच्या खात्यात. नव्या अर्जाला पहिला पैसा यायला पाच आठवडे लागतात. तेवढ्यात आगाऊ रक्कम मिळते, पण ती पुढच्या महिन्यांच्या पैशातून कापतात, म्हणजे फट आणखी रुंदावते. तुमच्या भाड्याची तारीख एक असेल आणि त्यांचे पैसे बारा तारखेला येत असतील, तर भाडं कायम ‘उशिरा’ दिसणार. तारीख चौदा करून टाका. फुकटातला इतका चांगला उपाय दुसरा नाही, आणि तरी दहातले नऊ मालक तो करत नाहीत, कारण कर्जाचा हप्ता एक तारखेला जातो म्हणे. दोन महिन्यांचं भाडं थकलं की घराचे पैसे थेट तुमच्या खात्यात वळवण्याचा ऑनलाइन अर्ज तुम्ही करू शकता, आणि थकबाकीचा हप्ताही त्यांच्या क्रेडिटमधून कापून घेता येतो. भाडेकरू पैसे सांभाळताना धडपडतोय असं दिसलं तर दोन महिने थांबायचीही गरज नाही, त्यांनी स्वतः तसं मागितलं तरी चालतं.

आता एजंटच्या सल्ल्याकडे. ‘नो डीएसएस’ची पाटी, म्हणजे ‘बेनिफिटवाले नकोत’, डीएसएस हे बेनिफिटचं मूळ खातं २००१ मध्ये बंद झाल्यावरही वीस वर्षं टिकली. जुलै २०२० मध्ये यॉर्कच्या काउंटी कोर्टाने अशी सरसकट बंदी समानतेच्या कायद्याविरुद्ध ठरवली, कारण तिचा फटका बायकांना आणि अपंगांना जास्त बसतो. रेंटर्स राइट्स ॲक्टने, ज्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये शिक्कामोर्तब झालं, ते इंग्लंडपुरतं लेखीच करून टाकलं: बेनिफिट किंवा मुलं आहेत म्हणून नाकारायचं नाही. परवडेल का हे तपासायला बंदी नाही, ते तपासाच. पण एजंट तुम्हाला जे वाक्य तोंडी सांगतो ते तो ईमेलमध्ये लिहितो का पाहा.

त्याच कायद्याने १ मे २०२६ पासून कलम २१ ची, कारण न देता घर खाली करायला लावणारी नोटीस संपवली. आपल्याकडच्या घरमालकांच्या डोक्यात अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स इतकं मुरलंय की मुदत संपली म्हणजे माणूस निघालाच पाहिजे असं वाटतं. इथे तसं नाही. मुदतीचे करारच गेले, आता भाडेकरू राहतो तोवर राहतो आणि तुम्हाला कारण दाखवावं लागतं. विकायचं असेल तर चार महिन्यांची नोटीस, तीही पहिल्या वर्षात नाही, आणि त्यानंतर वर्षभर ते घर पुन्हा भाड्याने देता येत नाही. थकबाकीचं सक्तीचं कारण (जे सिद्ध झालं की कोर्टाला घराचा ताबा द्यावाच लागतो) दोनऐवजी तीन महिन्यांच्या भाड्यावर गेलंय, आणि क्रेडिटचा पैसा यायचा राहिला म्हणून जे थकलं ते त्यात मोजत नाहीत. कुलूप बदलण्याचा विचार मनात आणू नका, १९७७ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि त्यासाठी अर्धा तास समजूत घालावी लागलेले सज्जन आपल्याच मंडळींत मी पाहिलेत.

म्हणजे सध्याच्या भाडेकरूला ‘काढणं’ ही तुमच्या हातातली गोष्ट राहिलेली नाही, आणि हिशेबाने ती शहाणपणाचीही नाही. नियमित भाडं देणारं कुटुंब घालवून तुम्ही काय मिळवणार? एजंटची नवी फी, एक-दोन महिने रिकामं घर, रंगरंगोटी. तुमची खरी अडचण त्या बाई नाहीतच. बँक ऑफ इंग्लंडचा बँक रेट डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला ०.१ टक्का होता, ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ झाला. त्यात २०२० पासून व्याजावरची करसवलत २० टक्क्यांवर आली. तुम्ही ४० टक्क्यांच्या गटात असाल तर तोटा होत असतानाही कर भरावा लागू शकतो. त्यांची फट सरकारी भत्त्याने पाडली, तुमची बँकेने आणि टॅक्सवाल्यांनी, आणि दोघंही त्या एकाच १,३५० मधून ती भरू पाहताय. नव्या दराची बोलणी, कर्जाची मुदत वाढवणं, फक्त व्याज भरण्याचा पर्याय, अकाउंटंटचा सल्ला, हे आधी करा. आकडा तरीही जुळत नसेल तर भाडेकरूसकट दुसऱ्या गुंतवणूकदाराला विकण्याचा पर्याय असतो, थोडं कमी येतं पण नोटिशीची गरज पडत नाही.

उद्या त्यांचे तास खरंच कमी झाले आणि भाडं थकू लागलं, तर वाट पाहू नका, त्याच महिन्यात कौन्सिलच्या हाउसिंग खात्याला कळवा. छप्पन दिवसांत घर जाण्याची भीती असेल तर ते टाळण्यासाठी मदत करणं ही २०१८ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलची कायदेशीर जबाबदारी आहे. भाड्यातली फट भरण्यासाठी पूर्वी डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंट असायचं, एप्रिल २०२६ पासून त्याची जागा क्रायसिस अँड रेझिलियन्स फंडाने घेतली. अर्ज भाडेकरूने करायचा, पण मालकाचं पत्र जोडलं तर काम लवकर होतं. पत्रात थकलेली रक्कम, तारखा आणि ‘एवढे भरले तर मी नोटीस देणार नाही’ हे एक स्पष्ट वाक्य असू द्या. संतापाचे दोन परिच्छेद नकोत.

कौन्सिल ऐकते यामागे चांगुलपणापेक्षा हिशेब जास्त आहे. मार्च २०२५ अखेर इंग्लंडमध्ये १ लाख ३१ हजारांहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या घरांत होती. त्या घरांसाठी केंद्राकडून कौन्सिलला जो परतावा मिळतो तो अजूनही जानेवारी २०११ च्या दराच्या ९० टक्क्यांवर अडकलेला आहे. वरचा सगळा खर्च कौन्सिलच्या गल्ल्यातून. म्हणजे सरकारने भत्त्यात वाचवलेले पैसे शेवटी गावच्या तिजोरीतून हॉटेलवाल्याला जातात, आणि मुलांची शाळा सुटते ती वेगळीच. २०१२ मध्ये लंडनच्या न्यूहॅम कौन्सिलने थेट स्टोक-ऑन-ट्रेंटच्या एका गृहनिर्माण संस्थेला पत्र लिहून आमची कुटुंबं घ्याल का असं विचारलं होतं, दीडशे मैलांवर. तुमच्या एका पत्राने हे टळत असेल तर दोन-तीन महिन्यांची थकबाकी भरणं त्यांना स्वस्तच पडतं.

शेवटी एजंटच्या त्या आयटीवाल्याबद्दल. तो बहुधा आपल्यासारखाच स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेला पुण्या-नागपूरचा मुलगा असेल. त्याच्या व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट असते. नोकरी गेली तर त्याला भत्ता नाही, कौन्सिलची घराची मदत नाही, आणि मालकाला थेट पैसे वळवून घेण्याची सोयही नाही. नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसा पुरवणारी नवी कंपनी, शोधायला साधारण साठ दिवस मिळतात. नव्या कायद्याने महिन्याभरापेक्षा जास्त भाडं आगाऊ घेता येत नाही, त्यामुळे सहा महिन्यांचं एकदम घेऊन निश्चिंत होण्याची जुनी युक्तीही गेली. तो भाडेकरू म्हणून वाईट असं मी म्हणत नाही. पण पगार थांबल्यावर तुमचं भाडं कुठून येणार, हा प्रश्न एजंटला या दोघांबद्दलही विचारा. त्या बाईंच्या बाबतीत निदान १,८३५ पर्यंतच्या मदतीचा आधार तरी आहे.